मधल्या सीटचा हिशेब

२०१७ साली बीबीसीच्या ‘वॉचडॉग’ या ग्राहकांच्या तक्रारी मांडणाऱ्या कार्यक्रमाने एक साधा प्रयोग केला. चार-चार माणसांचे चार गट रायनएअर या स्वस्त विमानकंपनीच्या वेगवेगळ्या विमानांत पाठवले. सीटसाठी जादा पैसे कुणीच भरले नाहीत. कंपनीचे म्हणणे असे, की पैसे न भरणाऱ्यांना संगणक सरमिसळ करून कुठलीही सीट देतो. प्रत्यक्षात सोळाच्या सोळा जणांच्या वाट्याला मधली सीट आली. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञ जेनिफर रॉजर्स यांनी गणित मांडले, तेव्हा निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता ५४ कोटींत एक निघाली. ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी लागण्याची शक्यता त्यापेक्षा पुष्कळ बरी, साडेचार कोटींत एक.

रायनएअरने आरोप फेटाळला. खिडकीची आणि आइलची सीट हल्ली लोक पैसे भरून आधीच घेतात, म्हणून उरतात त्या मधल्या, असा खुलासा केला. मला तो खुलासा मुळीच अविश्वसनीय वाटत नाही. उलट त्यातच सगळे आले. तीन-तीनच्या रांगा असलेल्या विमानात एक तृतीयांश सीट मधल्या असतात आणि त्या पैसे देऊन घ्यायला सहसा कुणी तयार नसते. मग न विकल्या जाणाऱ्या मालात फुकट्या गिऱ्हाईकाला बसवायचे आणि विकली जाण्याजोगी खिडकी शेवटपर्यंत मोकळी ठेवायची, हे कुठल्याही दुकानदाराला सुचेल. त्याला ‘रँडम’ म्हणू नये, इतकेच.

पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने प्रवाशांची पाहणी केली. सीटचे पैसे न भरलेल्या गटांपैकी किती गटांची ताटातूट झाली, असा प्रश्न होता. रायनएअरचा आकडा सर्वांत मोठा होता, सुमारे ३५ टक्के. हा आकडा उलटा वाचावा. ज्या कंपनीची सर्वांत जास्त बदनामी झाली, तिच्या विमानातही दोन तृतीयांश गट दमडी न देता एकत्र बसले. म्हणजे सीटशुल्क भरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी खरे तर धाकधूक मिटवण्याचे पैसे भरले.

स्वस्त विमानकंपनीचे दरपत्रक मी म्हणूनच वस्तूंची यादी समजून वाचत नाही, घड्याळ समजून वाचतो. काय घेतले यापेक्षा केव्हा घेतले, यावर तिथली किंमत ठरते. उड्डाणाची वेळ जवळ येते आणि आपल्या हातातले पर्याय कमी होतात, तसा दर चढतो. ‘छुपे शुल्क’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण ही शुल्के क्वचितच लपवलेली असतात. ती वेबसाइटवर लिहिलेली असतात. फक्त ज्या पानावर आपण दोन कंपन्यांच्या भाड्याची तुलना करतो, त्या पानावर ती नसतात.

आपल्याकडे मंगल कार्यालय ठरवलेल्या प्रत्येकाला हा प्रकार ठाऊक आहे. हॉलचे भाडे ऐकून हायसे वाटते, आणि मग खुर्च्या वेगळ्या, जनरेटर वेगळा, वरपक्षाच्या खोल्या वेगळ्या, साफसफाईचे वेगळे. मात्र कार्यालयवाल्याशी घासाघीस तरी करता येते.

भारतात या पद्धतीचा श्रीगणेशा कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ साली केला. एक रुपयाचे तिकीट (अधिक कर) हे तिचे गाजलेले आमिष. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ तिच्या जाहिरातीतून मिरवायचा, आणि ते शोभतही होते, कारण तोवर विमान ही साहेबांची गोष्ट होती. खाणेपिणे विकत घ्यायचे, तिकिटात फक्त प्रवास. पुढे कंपनी किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि बुडालीही, पण पद्धत टिकली. २००५ ते २००६ या दोन वर्षांत स्पाइसजेट, गोएअर आणि इंडिगो आल्या. त्यातली इंडिगो आज देशातली सर्वांत मोठी विमानकंपनी आहे.

एक रुपयाच्या तिकिटाचे अर्थशास्त्र भाड्यापेक्षा वेळेवर जास्त उभे आहे. विमान जमिनीवर असताना कमावत नाही. अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीने १९७२मध्ये पैशांच्या चणचणीपायी चारपैकी एक विमान विकले आणि तेच वेळापत्रक तीन विमानांवर चालवायचे ठरवले. त्यासाठी विमान उतरले की दहा मिनिटांत पुन्हा निघाले पाहिजे, असा दंडक घातला. पुढच्या सगळ्या स्वस्त कंपन्यांनी हा धडा गिरवला. विमानाच्या पोटात जाणारी बॅग या घाईच्या आड येते. तिला काउंटरवरचा माणूस लागतो, पट्टा, एक्स-रे, चढवणारे हमाल लागतात आणि दुसऱ्या टोकाला हेच सगळे पुन्हा लागते. रायनएअरने २००६मध्ये अशा बॅगेवर शुल्क लावले, त्यात कमाईइतकाच लोकांची सवय मोडण्याचा हेतू होता. लोकांनी बॅग आणूच नये, ही कंपनीची खरी इच्छा.

मोठ्या कंपन्या या वाटेला लागल्या त्या २००८च्या इंधन दरवाढीत. अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेला १५ डॉलर घ्यायला सुरुवात केली. तिथे आणखी एक कारण होते, ज्याची चर्चा फारशी होत नाही. अमेरिकेत देशांतर्गत विमानभाड्यावर साडेसात टक्के केंद्रीय कर आहे, पण बॅगेच्या ऐच्छिक शुल्कावर तो लागत नाही. भाड्यातला एक डॉलर बॅगेच्या नावावर टाकला, की त्यावरचा कर वाचतो. एवढे आमिष समोर असताना कुठली कंपनी हात आखडता घेईल?

पण एका शुल्कातून दुसरे जन्मते, ते असे. पोटातल्या बॅगेला पैसे पडतात म्हटल्यावर लोक तीच बॅग हातात घेऊन चढू लागले. डोक्यावरचे कप्पे भरले, आइलमध्ये माणसे बॅगा कोंबत उभी राहिली आणि जी मिनिटे वाचवायची होती तीच पुन्हा वाया जाऊ लागली. त्यावर तोडगा म्हणजे आणखी एक शुल्क. २०१०मध्ये अमेरिकेच्या स्पिरिट कंपनीने डोक्यावरच्या कप्प्यात जाणाऱ्या बॅगेलाही पैसे लावले. नोव्हेंबर २०१८पासून रायनएअरमध्ये फुकट राहिली ती फक्त पुढच्या सीटखाली मावणारी पिशवी. ती पिशवी मापात आहे का, हे बघायला गेटपाशी धातूचा सांगाडा ठेवलेला असतो. बॅग त्यात बसली नाही तर ७५ युरोपर्यंत दंड बसतो. पकडलेल्या प्रत्येक बॅगेमागे गेटवरच्या कर्मचाऱ्याला दीड युरो बक्षीस मिळत असे, आणि ते अडीच युरो करत असल्याचे कंपनीचे प्रमुख मायकेल ओलिअरी यांनी २०२५मध्ये उघडपणे सांगितले. या माणसाचा निर्लज्ज खरेपणा मला मनातून आवडतो, पण त्याच्या विमानात बॅग मोजूनच न्यावी.

युरोपच्या न्यायालयाने २०१४मध्ये एका स्पॅनिश खटल्यात एक रेघ ओढली होती. पोटातल्या बॅगेचे पैसे घ्यायला हरकत नाही, पण वाजवी आकाराची हातातली बॅग हा प्रवासाचाच आवश्यक भाग आहे आणि तिच्यावर वेगळे शुल्क नको. ‘वाजवी’ म्हणजे किती, ते मात्र सांगायचे राहिले, आणि सगळी भांडणे त्या एका विशेषणात जाऊन बसली. स्पेनच्या सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये हातातल्या बॅगेचे पैसे घेणे आणि अशाच इतर प्रकारांसाठी पाच कंपन्यांना मिळून सुमारे १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला. त्यातला निम्म्याहून जास्त एकट्या रायनएअरला. कंपन्या अर्थातच न्यायालयात गेल्या.

आपल्याकडे हातातल्या बॅगेवर अजून ही वेळ आलेली नाही. सात किलोंची एक बॅग आणि खांद्याला लॅपटॉप किंवा पर्स, एवढे देशांतर्गत प्रवासात भाड्यातच येते. पोटातल्या सामानाला स्वस्त कंपन्यांत साधारणपणे पंधरा किलोंची सूट. हा पंधराचा आकडा आंब्याच्या दिवसांत फार छळतो. अडीचशे ग्रॅमचा एक हापूस धरला तर पाच डझनांचे नेमके पंधरा किलो होतात. पेटीचे आणि पेंढ्याचे वजन वरचे, आणि कपडे तर अजून मोजलेलेच नाहीत. (सुक्या खोबऱ्याच्या वाट्या त्यात कोंबू नयेत. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडते. कोकणातून येणाऱ्या कितीतरी बॅगा या एका कारणाने उघडाव्या लागत असतील.)

पंधरा किलोंच्या वरच्या वजनाच्या दराला लगाम घालायचा प्रयत्न सरकारने एकदा केला होता. २०१६मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, पंधरा ते वीस किलोंच्या टप्प्यात किलोला १००पेक्षा जास्त रुपये घेऊ नयेत असा आदेश काढला. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१७मध्ये तो आदेश रद्द झाला. तेव्हापासून दर बाजारावर सोडलेले आहेत, आणि घड्याळाचा खेळ इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. तेच पाच किलो दोन दिवस आधी घरून वेबसाइटवर घेतले तर एक भाव, काउंटरवर वजनकाट्याने दाखवले तर त्याहून चढा भाव. विमानाला त्या पाच किलोंसाठी इंधन तेवढेच लागते. सामानाचा अंदाज आधी आला तर कंपनीचे नियोजन सोपे होते, हे मान्य. पण दोन भावांतला फरक त्या सोयीचा नाही. काट्यासमोर उभा असलेला माणूस परत घरी जाऊ शकत नाही, त्याची ती किंमत आहे. त्यामुळे बॅग घरच्या काट्यावर तोलणे आणि जास्त असेल तर त्याच दिवशी फोनवरून वजन विकत घेणे, हा या व्यवहारातला सर्वांत किफायती उपाय.

२०२१पासून डीजीसीएने पोटातली बॅग नसलेल्यांना कमी भाडे लावायची मुभा दिली आहे. मला ती न्याय्य वाटते. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याने दुसऱ्याच्या पेटीचा भार का उचलावा? मात्र तुलनेच्या पानावर हेच भाडे सर्वांत वर झळकते आणि त्यात सामान नाही हे घाईत नजरेआड होते. भाड्याच्या आकड्याखाली लिहिलेले किलो वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये.

चेक-इनच्या बाबतीत युरोप आणि आपण यांत मोठा फरक आहे. रायनएअरने २००९मध्ये चेक-इन पूर्णपणे ऑनलाइन केले. विमानतळावर जाऊन करायचे तर माणशी ५५ युरो किंवा पौंड. २०२३मध्ये लंडनजवळच्या स्टॅनस्टेडला एका वृद्ध दांपत्याकडून असे ११० पौंड घेतले गेले. त्यांनी चेक-इन केले होते, पण चुकून परतीच्या प्रवासाचे. त्यावर इंग्लंडभर गहजब झाला, नियम मात्र हलला नाही. नोव्हेंबर २०२५पासून तर तिथे कागदी बोर्डिंग पासही बंद झाला, फक्त फोनमधला चालतो. परदेशी शिकणारी मुले युरोपात फिरवायला नेतात तेव्हा आपल्याकडच्या आईवडिलांना ही शिस्त ठाऊक नसते, आणि परतीचे चेक-इन हॉटेलच्या वायफायवर आदल्या रात्री करायचे राहून जाते.

भारतात याची नक्कल झाली, पण टिकली नाही. मे २०२०मध्ये विमाने पुन्हा सुरू झाली तेव्हा करोनाचा संसर्ग टाळायचा म्हणून वेब चेक-इन सक्तीचे केले होते. काउंटरवर येणाऱ्याला पुढे शंभर-दोनशे रुपये लागू लागले. साथ ओसरली, शुल्क काही ओसरेना. अखेर जुलै २०२२मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने सांगितले, की काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे पैसे घेणे १९३७च्या विमान नियमांना धरून नाही. तेव्हा ज्येष्ठांनी निर्धास्तपणे काउंटरवर जावे. फक्त वेळ पाळावी. देशांतर्गत उड्डाणाचे काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात आणि गेट पंचवीस मिनिटे आधी. तिकिटावर छापलेली वेळ विमान सुटायची असते, आपण पोचायची नव्हे. वेळेत हजर राहण्याला आणखी एक महत्त्व आहे. जागांपेक्षा जास्त तिकिटे विकली गेली आणि वेळेवर आलेल्या प्रवाशालाच उतरवले, तर भरपाई मिळते. तासाभरात दुसरे विमान दिले तर काही नाही, चोवीस तासांत दिले तर मूळ एकेरी भाडे व इंधन अधिभाराच्या दुप्पट, कमाल दहा हजार रुपये. त्याहून उशीर झाल्यास चौपट, कमाल वीस हजार. उशिरा आलेल्याला यातले काहीच नाही.

वेब चेक-इन करताना सगळ्यांची गाडी अडते ती सीटच्या नकाशावर. तिथे रंगीबेरंगी चौकोन असतात, प्रत्येकावर आकडा असतो आणि ‘स्किप’ हा शब्द कुठेतरी कोपऱ्यात फिक्या अक्षरांत असतो. सीट घेतल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, असा बहुतेकांचा समज होतो. नोव्हेंबर २०१८मध्ये इंडिगोने वेब चेक-इनच्या सगळ्याच सीटना पैसे लावल्याची बातमी आली तेव्हा इतका आरडाओरडा झाला, की मंत्रालयाला लक्ष घालावे लागले. डीजीसीएचे धोरण असे आहे, की सीट निवडणे ऐच्छिक. ज्याने निवडली नाही त्याला उड्डाणापूर्वी यंत्रणेने आपोआप सीट द्यायचीच असते. एप्रिल २०२४मध्ये त्यात आणखी एक भर पडली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या, म्हणजे त्याच बुकिंग क्रमांकावरच्या, निदान एका पालकाशेजारी बसवलेच पाहिजे. इथे ‘त्याच पीएनआरवर’ हे महत्त्वाचे. आजोबांनी स्वतंत्र तिकीट काढले आणि नातू त्यांच्याबरोबर बसेल म्हणाले, तर नियम मदतीला येत नाही.

पैसे देऊन मिळणाऱ्या सीटमध्ये सर्वांत गमतीची आपत्कालीन दरवाजाजवळची. पाय पसरायला जागा भरपूर, म्हणून दरही चढा. पण तिथे बसणारा धडधाकट हवा, सोबत तान्हे मूल नको आणि प्रसंग आलाच तर दरवाजा उघडायला त्याने मदत करायची असते. जबाबदारी घेण्यासाठी आपणच पैसे मोजायचे, असा दुसरा व्यवहार मला आठवत नाही.

त्याच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट म्हणजे कन्व्हिनियन्स फी. तिकीट शोधले आपण, नावे टाइप केली आपण, पैसे भरले आपण, आणि सोयीचे शुल्कही आपलेच. ही फी सहसा व्यवहारावर नव्हे, तर माणशी आणि प्रत्येक फेरीमागे लागते. चौघांच्या जाण्या-येण्याच्या तिकिटाला पैसे एकदाच भरले तरी फी आठ वेळा. ती बहुधा अगदी शेवटच्या पानावर उगवते, म्हणजे नावे-वये भरून माणूस कंटाळलेला असतो तेव्हा.

शेवटी टपकणाऱ्या अशा रकमा हा आता कायद्याच्या नजरेतला गुन्हेगार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. फसव्या रचनेचे तेरा प्रकार त्यात मोजले आहेत. किंमत थेंबाथेंबाने उघड करणे हा त्यातला एक, न विचारता टोपलीत वस्तू टाकणे हा दुसरा. नकार देणाऱ्याला शरमिंदे करणे हाही एक प्रकार आहे, आणि त्याला दिलेले उदाहरण विमानतिकिटाचेच आहे. विमा नको म्हणणाऱ्यासमोर ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाचे वाक्य ठेवायचे आणि त्यावरच त्याला टिचकी मारायला लावायची.

तिकिटावरचे सगळेच पैसे मात्र कंपनीच्या खिशात जात नाहीत, आणि हा भाग प्रवासी कधी वाचत नाहीत. देशांतर्गत प्रवाशामागे २०० रुपये सुरक्षा शुल्क असते. विमानतळाच्या विकासाचे शुल्क प्रत्येक विमानतळाचे निराळे. डिसेंबर २०२५मध्ये सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाला सुरुवातीच्या काळासाठी तिथून निघणाऱ्या देशांतर्गत प्रवाशामागे ६२० रुपयांच्या शुल्काची मंजुरी मिळाली. सांताक्रूझच्या तेव्हाच्या शुल्कापेक्षा ते कितीतरी जास्त होते. ठाणे-पनवेलकरांनी टॅक्सीचे वाचलेले पैसे मोजताना हेही धरावे. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे तिकीट रद्द केले किंवा विमान चुकले, तर ही विमानतळ शुल्के आणि सरकारी कर प्रवाशाला परत द्यायचे असतात. तिकीट सवलतीतले असो, मूळ भाडे ‘नॉन-रिफंडेबल’ असो, तरीही. हे पैसे परत करण्यासाठी प्रक्रिया शुल्क लावायलाही मनाई आहे. पण ते आपणहून खात्यात येतील अशा भरवशावर राहू नये. कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर टाकून मागावेत. चौघांच्या कुटुंबाचे नवी मुंबईचे विमान पामबीच रोडच्या वाहतूककोंडीत चुकले, तर त्या सुरुवातीच्या दराने सुरक्षा आणि विकास या दोन शुल्कांचेच ३,२८० रुपये होतात.